एलादिओचा बरा झालेला गुडघा

कार्तागोहून घाटात जाणाऱ्या बसच्या रांगेत माझ्यापुढे म्हातारा एलादिओ आणि त्याची बायको निदिया उभे होते.

"धबधब्याच्या वाटेला उतरू या?"

"तिथं चढ आहे गं."

"मग ओकच्या जंगलात?"

"चिखल असतो."

"मग जायचं तरी कुठं?"

"शेवटच्या थांब्यावर. खानावळीमागं सपाट वाट आहे, तळलेले मासेही मिळतात."

"वाट केवढी?"

"माशांपर्यंत."

"अहो, गुडघा बरा झाला तर घरापासून चालत दर्शनाला येईन, असा मरियामाईला नवस कुणी बोलला? ऑगस्टची जत्रा तोंडावर आली. सराव नको?"

"पण गुडघा बरा झालाय कुठं?"

"काल लग्नात नाचताना तुम्हीच ओरडून सांगत होतात की!"

"ते तिला थोडंच ऐकू गेलं असेल?"

"नाच तिच्याच देवळासमोर चालला होता."

बस आली. एलादिओच आधी चढला.

"ड्रायव्हरसाहेब, आम्हाला धबधब्यापाशी उतरवा."