सातव्या ओळीचं हेडिंग

हॅलो?… हं, बोल गं… नाही, झोपलो नव्हतो, पेपर चाळत पडलो होतो.

माझी वही टाईप करून झाली? सगळी?… बरं झालं. लिफ्टच्या कामातली तीस वर्षांची अक्कल एका फाईलीत मावली म्हणायची.

काय बिघडलं?… सावकाश सांग बाई, मी लिफ्टचा मेकॅनिक आहे, कॉम्प्युटरचा नाही… हं, ओळीच्या आधी आडवी रेघ असली की तो यादीतला साधा मुद्दा. आणि चांदणी असली की हेडिंग… एक बटण दाबलं की रेघेची चांदणी होते. मग?… सगळ्यांचीच झाली? सेहेचाळीस हेडिंगं? मग तुझ्या वर्गात लिफ्टचं काम शिकायला येणारी नवी माणसं वाचणार काय, कप्पाळ?

हो, हो… अगं ऐक ना. आधी ते मागे घे… आल्या रेघा परत? आता जिथे जीव जाऊ शकतो, तेवढ्याच ओळींना चांदणी लाव. ग्रीस, फडकी राहू देत यादीत.

मेन स्विच बंद करून कुलूप लावणे… हो, लाव. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरण्याआधी दार अडकवणे… लाव. सातवी? वाच बघू… 'खाली माणूस असल्यास हाक मारून मगच स्विच चालू करणे.'

ती… ती राहू दे रेघेतच.

महत्त्वाची आहेच गं, कोण नाही म्हणतंय… काय? हेडिंग केलं की खालची जागा रिकामी दिसते?… तेच तर. यादीतली ओळ कशी, वाचली नि पुढे गेलो. हेडिंग केलं की कुणीतरी विचारणारच, याच्याखाली काय.

नाही, चिडलो नाही… थांब जरा.

काकांचा पाय… हो, माझ्या जोडीदाराचा. लिफ्ट आपोआप सरकली, असंच सांगितलंय मी तुला. तुझ्या आईलाही… नाही गं. ते खाली खड्ड्यात होते, मी वर मशीनच्या खोलीत. हाक मारली मी. मारली. पण उत्तराची वाट नाही पाहिली. माणसं खोळंबली होती, मॅनेजर डोक्यावर बसला होता. मी स्विच चालू केला, तळमजल्यावर कुणीतरी बटण दाबलं, लिफ्ट खाली आली… हो. मीच.

काय म्हणालीस?… काकांना?

त्यांना माहीत आहे. एका शब्दाने बोलले नाहीत कधी. दर रविवारी पत्ते खेळायला बोलावतात. ते जास्त लागतं मनाला.

नाही, 'एका मेकॅनिकने' असं नको लिहूस. कर चांदणी… झाली? आता खाली लिही. हाक मारली तरी उत्तर येईपर्यंत थांबणे. मी थांबलो नाही, माझ्या जोडीदाराचा पाय गेला. आणि माझं नाव घाल. पूर्ण.

रडू नकोस. वर्ग उद्या दहाला ना?… मग आत्ता छापू नकोस. पाय त्यांचा आहे. मी त्यांना फोन लावतो. ते हो म्हणाले की तुला कळवतो… हो, ते काय बोलतील ते ऐकून घेईन. ठेवतो.