आडवा निजवलेला बास

"बाईमाणसान उभ्यान वाजवूचा नाय, आणि कित्याक म्हणान इचारूचा नाय!" हा आमच्या आबाकाकांचा नियम. पेटी मांडी घालून, सतारही मांडी घालून. माझा जीव मात्र जडला होता बँडवाल्या पेद्रूबाबांच्या उभ्यानंच वाजवायच्या अवाढव्य व्हायोलिनवर, म्हणजे डबल बासवर, आणि तो माझ्याहून हातभर उंच!

कॉलेजच्या सुट्टीत मी मालवणला त्यांच्या पडवीत शिकायचे. ते म्हणायचे, "खारो वारो लागलो की आतड्याची तार ढिली पडता, गो. आदी तिचा आयक, मगे वाजय." मी डोळे मिटून खर्जाचा सूर छेडायचे आणि होडीत बसल्यासारखी डुलत राहायचे.

तारकर्लीला चुलतभावाच्या लग्नात त्यांचाच बँड होता. ऐन पानसुपारीच्या दिवशी पेद्रूबाबांचं बोट दारात चिरडलं. म्हणाले, "आज तूच वाजय." मी साडी बदलून मांडवात आले तर काय, आबाकाकांनी बास सतरंजीवर आडवा निजवलेला आणि शेजारी माझ्यासाठी लोड!

"बस हय. सतारीसारखो वाजय."

"काका, ह्यो असो वाजणा नाय."

"मगे तू वाजवच नको."

बँडवाले माझ्याकडे बघत राहिले. मी बास उचलून उभा केला आणि खांद्याला टेकवला.

"मी बसूचंय नाय, काका. उभ्यानच वाजवतलंय."

मी सगळ्यात जाड तार छेडली. तो सूर वाळूतून सावकाश पसरत गेला, माडांपर्यंत, थेट लाटांपर्यंत. आबाकाकांनी माझ्यासाठी मांडलेला लोड स्वतःकडे ओढला आणि त्याला टेकून ते ऐकत बसले.