वहिनींची स्वच्छ काडी

...बसा ना मॅडम, पळून जात नाही मी — फक्त फळ्यावर घालू द्या, सतरा नोव्हेंबर, ढगाळ, वारा पडलेला — हवा कशाला? अहो, टाकी गार ठेवायचं पाणी हवेवर असतं, म्हणून सवयच लागली. हं, आता टाकी. हा नळ सोडतो, बघा — पाणी! निव्वळ पाणी. इथून डिंक पडायला हवा, मधासारखा जाड, सॉसमध्ये, टूथपेस्टमध्ये घालतात तो — तिसरी टाकी ही अशी गेली. साखर तीच, ती खाऊन डिंक करणारा जंतू तोच, यंत्र तेच, मग बिघडलं काय? ते शोधायलाच तर हेड ऑफिसने तुम्हाला पाठवलंय. आमचे साहेब म्हणतात, बियाणं, म्हणजे टाकीत सोडायचा जंतूच, बिघडलं — आणि बियाण्याची खोली कुणाकडे? आमच्या वहिनींकडे. हो, सख्ख्या भावाची बायको. दादा गेल्यावर मीच त्यांना इथे चिकटवलं. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर, दोन मुली शिकताहेत — म्हणून म्हणतो, तिकडे बोट दाखवू नका.

हे तुम्हाला मी काय सांगणार, तुमच्याच ऑफिसातल्या एकाने मागे मला चित्र काढून दाखवलं होतं. जंतू आपल्या आतल्या कातडीला टांगून पाच साखरांचा एकेक मणी घडवतो — कातडीत बसलेलं एक प्रथिन तो मणी उलटा करून पलीकडे टाकतं, तिथे माळ ओवली जाते, आणि दुसऱ्या प्रथिनांच्या बोगद्यातून ती माळ अंगाबाहेर. तोच आपला डिंक. मी विचारलं, बोगदा बुजला तर? तर म्हणे आत माल तुंबतो, जंतू आजारी पडतो — तगतो कोण, ज्याने मणी घडवायचेच सोडले तो. आळशी! पण खर्च नाही ना काही, म्हणून वाढतो भराभर. आमच्या मेव्हण्यासारखा — हसलात, बरं वाटलं.

वहिनींचं काम तुम्ही एकदा बघाच. दर आठवड्याला जुन्या प्लेटवरचा, जंतू वाढून झालेला एक ठिपका काडीने उचलायचा, नव्या प्लेटवर लावायचा — तेच पुढचं बियाणं. आधीचा माणूस होता ना, काय तो पसारा! ठिपके शेंबडासारखे, काडी उचलली की तार सुटायची, टेबलावर, बाहीवर, शी! वहिनींना तसलं खपत नाही. त्यांच्या कपाटातल्या घड्या बघून इस्त्रीवाला लाजेल. बुळबुळीत ठिपक्याला त्या हातच लावत नाहीत — नेमका कोरडा, सुटसुटीत ठिपका निवडतात, काडी कशी स्वच्छ वर येते, तार म्हणून सुटत —

काय झालं? काय लिहिताय? नाही, थांबा — ते मी कौतुकाने सांगितलं. तार म्हणजेच... हो. तार म्हणजेच डिंक, आणि कोरडा ठिपका म्हणजे तो आळशी. कळलं मला, आत्ता कळलं. पण त्यांना कुणी सांगितलं होतं? कामावर घेताना साहेब एवढंच म्हणाले, स्वच्छता ठेवा — ठेवली की! मॅडम, जुनं बियाणं तुमच्याकडे गोठवून ठेवलेलं असेल ना, ते मागवू. चिकट ठिपके उचलायला मी शिकवतो त्यांना, मी — साहेबांना फोन कशाला? उद्या करा ना. निदान मी असं म्हणालो हे नका सांगू... मॅडम...

वहिनी, या. नाही, बसू नका. साहेबांनी वर बोलावलंय, पर्स-डबा घेऊनच. खोलीची किल्ली माझ्याकडे द्यायचीय.