आईचा पदर

चिंचोटीच्या बसथांब्यावर माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या. लेकीच्या पिशवीतून ओटीचा नारळ डोकावत होता.

"आई, बोल ना काहीतरी."

"काय बोलू? शिबिर चांगलं झालं. माइकवर छान बोललीस तू."

"काय बोलले ते आठवतंय?"

"प्रत्येक बाईत देवी असते, म्हनून आज इथं बसलेल्या सगळ्या बायांची ओटी भरायची."

"तुझी नाही भरली मी."

"अगं, ताट घेऊन आलीस, माझ्याकडे बघितलंस आनि पुढच्या बाईकडे वळलीस. सवयीनं झालं ते."

"बाबा गेल्यापासून कोणीच भरली नसेल ना तुझी?"

"विधवेची कोन भरतंय? त्याचं वाईट नाय वाटलं. फक्त पदर पसरून बसले होते ना, तो आवरताना शेजारची बघत होती."

"तू पदर पसरला होतास?"

"सगळ्या बाया म्हनाली होतीस ना तू."

"आई..."

"रडू नको, जागृती. रांगेत उभ्या आहोत आपन."

"हा एक नारळ उरलाय. आत्ताच भरते तुझी ओटी."

"इथं? रस्त्यावर?"

"इथंच. सगळ्यांसमोर."

"बघ हां. हा घे, पसरला पदर."

"थांब जरा."

"का गं?"

"माझ्या सासूबाई येतायत समोरून."

"मग आवरू?"

"आवर."