चौकात टांगलेली बोट

(कोल्हापूर. उतरत्या उन्हात गल्लीचा चौक. वीसफुटी डिजिटल फ्लेक्सला लावलेल्या शिडीवर विळा घेतलेले अण्णाप्पा, नौदलातून निवृत्त झालेले. खाली शिडी धरून तरुण मंडळाचा अध्यक्ष विश्वजित.)

विश्वजित : काका, विळा खाली टाका आधी. लोक बघालेत.

अण्णाप्पा : बघू देत. तू शिडी नीट धर.

विश्वजित : धरलीया की. पर त्यो दोर कापू नका. भाऊंचा फोटो हाय त्यात. नगरसेवकाचा फ्लेक्स कुणी फाडला म्हणून ह्या गल्लीत काय हुईल, तुम्हाला म्हाईत न्हाय व्हय?

अण्णाप्पा : तुझ्या भाऊंचा फोटो चौकट करून घरात लाव. माझ्या पोराचा खाली घे.

विश्वजित : अहो, तुमच्या पोराचाच तर हाय फ्लेक्स. तुमचा अनेकांत म्हंजे माझ्या बेंचवरचा. पाचवी ते धावी. सीमेवर एवढं पेटलंय, आमच्या गल्लीचा वाघ बोटीवर निघालाय, आन मंडळानं गप बसायचं? पलीकडच्या गल्लीनं भरतीच्या मैदानावर नुस्ता पळालेल्याचा लावलाय. आपल्यापेक्षा दोन फूट मोठा.

अण्णाप्पा : फोटो लावलास, ठीक. शुभेच्छा लिहिल्यास, त्याही ठीक. खाली काय लिहिलंयस ते वाच.

विश्वजित : "शत्रूला धडकी भरवणाऱ्या क्षेपणास्त्र बोटीवर…"

अण्णाप्पा : मोठ्यानं नको. मनात वाच.

विश्वजित : वाचलं. बोटीचं नाव हाय.

अण्णाप्पा : आणि?

विश्वजित : कुठल्या बंदरातनं निघाली ते. आन तारीख. का, चुकलंय काय? काकूंनीच सांगितलं.

अण्णाप्पा : चुकलं असतं तर मी शिडीवर चढलो नसतो. बंदर त्यानं मला सांगितलं नव्हतं. आत्ता दूध आणायला निघालो आणि ह्या फ्लेक्सवर वाचलं.

विश्वजित : काका, आता सॅटेलाईटवरनं समदं दिसतंय. कोल्हापुरातला फ्लेक्स वाचून कोण त्या बोटीवर जाणार हाय?

अण्णाप्पा : फ्लेक्स कोल्हापुरात आहे. तुझ्या मोबाईलमधलं कुठं आहे?

विश्वजित : रील केलंय. गाणं लावून. सकाळधरनं चांगलं चालालंय, साडेचार हजार…

अण्णाप्पा : पूस.

विश्वजित : काका, भाऊंनी स्वतः लाईक केलंय.

अण्णाप्पा : शिडी सोड पाहिजे तर. ते आधी पूस.

विश्वजित : थांबा. पुसतो. हं, गेलं. पर काही जणांनी उचललंय आधीच, आपापल्या स्टेटसला.

अण्णाप्पा : एकेकाला फोन लाव.

विश्वजित : लावतो, मेसेज तर टाकतोच. पर मला कळू दे की, एवढं कशाला भ्यायचं? युद्धनौका हाय ती. चार क्षेपणास्त्रं घेऊन फिरतीया. एकाहत्तरला कराचीवर गेल्या त्या ह्याच न्हवं?

अण्णाप्पा : त्या आधीच्या, ह्यांच्यापेक्षा लहान. तेल पुरणार नाही म्हणून निम्मी वाट मोठ्या जहाजांनी ओढत नेल्या. गेल्या, मारलं आणि परत आल्या. कशामुळं आल्या परत?

विश्वजित : दम होता म्हणून.

अण्णाप्पा : येणार आहेत हे पलीकडं कुणाला ठाऊक नव्हतं म्हणून. तू शर्यती बघायला जातोस ना? शर्यतीच्या छकड्याला कधी लोखंडी पत्रे मारलेले बघितलेस?

विश्वजित : मारल्यावर बैलं पळतील काय?

अण्णाप्पा : तशीच ही बोट. पळायला केलेली. खाली पोलाद, तेसुद्धा पातळ. वर ॲल्युमिनियम. विमानाच्या धर्तीची इंजिनं. पुढं तोफ, दोन्ही अंगाला दोन-दोन नळकांडी. लांबून मारायचं आणि वळायचं. मार खायला ती केलेलीच नाही. मोठ्या जहाजाला बसलं तर ते वाकडंतिकडं होऊन का होईना, तरंगत राहील. हिच्यावर बसलं की बोलायचं कामच नाही.

विश्वजित : मग हिला चिलखत काय?

अण्णाप्पा : ती कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नसणं. दिवे बंद, रडार बंद, मच्छीमारांच्या गर्दीत एक ठिपका. तेवढंच. ते तू भाऊंच्या शेजारी रंगीत छापून चौकात टांगलंयस.

विश्वजित : मला काय ठाव, काका.

अण्णाप्पा : तुला कसं असणार. जा, त्या टोकाचा दोर सोड. कापू नको, गाठ सोड. भाऊंनी विचारलं तर वाऱ्यानं पडला म्हण.

विश्वजित : वारं कुठाय आज?

अण्णाप्पा : मग पोराच्या बापानं पाडला म्हण.

अरुणा : (अण्णाप्पांची बायको, चौकात येत) अहो, हे काय? गुडघा धड नाही आणि शिडीवर चढलाय. फ्लेक्स का काढताय? फोटो मी दिलाय त्याला.

अण्णाप्पा : ठाऊक आहे मला.

अरुणा : मग? मंदिरात अभिषेकाच्या शांतीधारेला नाव दिलं. त्याचं, बोटीचं. पंडितांनी माईकवर घेतलं, सगळ्यांनी हात जोडले. निघाल्यापासून पोराचा फोन नाही. जितक्या तोंडी त्याचं नाव येईल तितकं चांगलंच आहे की.

अण्णाप्पा : (आपल्या टोकाची गाठ सोडून शिडी उतरत) घरी चल, सांगतो.

विश्वजित : न्हाय काकू, काकांचं बरोबर हाय. त्या बोटीला वर नुस्ता ॲल्युमिनमचा पत्रा हाय म्हणं. बसलं एक की गेली.

अण्णाप्पा : विश्वजित.

विश्वजित : तुम्हीच म्हणालासा की आत्ता.

अरुणा : कसला पत्रा?

अण्णाप्पा : काही नाही. त्याला नीट कळलं नाही.

अरुणा : तुम्ही तर तरंगता किल्ला म्हणत होता. लग्न ठरताना माझ्या अव्वाला सांगितलंत. वीत करून दाखवलीत, पोलाद एवढं जाड आहे म्हणून.

अण्णाप्पा : अव्वा मुलगी द्यायला तयार नव्हत्या.

विश्वजित : काका, वीत?

अण्णाप्पा : तू दोर सोड.

अरुणा : अनेकांतला ह्याच बोटी मिळाल्या तेव्हा मी परत विचारलं. तेव्हाही वीतच केलीत.

अण्णाप्पा : केली.

अरुणा : किती जाड आहे?

अण्णाप्पा : अरुणा, लोक आहेत.

अरुणा : असू देत. वीत नाही, मग किती? चार बोटं?

अण्णाप्पा : करंगळी धर. वर तेवढंही नाही.

अरुणा : आणि तो असतो कुठं? वर का खाली?

अण्णाप्पा : खाली, इंजिनात. मी होतो तिथंच. माझ्या वेळी ह्या बोटी नव्या होत्या, रंगाचा वास यायचा. आता म्हाताऱ्या झाल्या. एकेक करून काढतच आणल्यात.

अरुणा : म्हाताऱ्या बोटीवर माझं पोर पाठवलंय आणि तुम्ही गप होता.

अण्णाप्पा : पळतात अजून. इंजिनं चांगली ठेवलीत.

अरुणा : इंजिनाचं नको मला. खालून वर यायला वाट आहे का?

अण्णाप्पा : शिडी आहे. उभी. वर झाकण असतं, त्याला चाक. फिरवलं की उघडतं.

अरुणा : आतून उघडतं?

अण्णाप्पा : दोन्हीकडून.

अरुणा : हे खरं सांगताय, का ही पण वीतच?

अण्णाप्पा : हे खरं.

विश्वजित : काका, सुटली गाठ. खालनं धरा, एकदम सोडू नका. हां. भाऊंचा फोन यालाय बघा.

अण्णाप्पा : दे इकडं, मी बोलतो.

विश्वजित : नको. हॅलो. व्हय भाऊ. न्हाय, पडला न्हाय, काढला. मी काढला. अहो मीच, दुसऱ्या कुणी न्हाय. कारण फोनवर न्हाय सांगता येत. व्हय. व्हय, द्या की शिव्या, ऐकालोय. ठेवला. आता सहा महिने मंडळाला काय मिळत न्हाय.

अण्णाप्पा : स्टेटसवाल्यांचं काय झालं?

विश्वजित : बाकीच्यांनी पुसलं. एक पुण्याचा हाय, त्यो फोनच उचलंना.

अण्णाप्पा : लावत राहा.

विश्वजित : त्याच्या भावाकडनं बघतो. आन ह्याचं काय करायचं? जुना फ्लेक्स लोक गोठ्यावर टाकाय न्हेत्यात.

अरुणा : गोठ्यावर नको. चेहरा आत ठेवून घडी घाल आणि आण इकडं.

विश्वजित : घ्या, काकू. मी जातो, त्या पुण्याच्या भावाला गाठतो. काका, शिडी मंडळाची हाय, तिथंच राहू द्या.

अरुणा : पंडितांना पण सांगायला पाहिजे. उद्या बोटीचं नाव घेऊ नका म्हणून.

अण्णाप्पा : मी सांगतो.

अरुणा : मी सांगते. मी दिलंय नाव. पुण्याचा तो नाही सापडला तर?

अण्णाप्पा : तर नाही सापडला. एवढ्यानं काही होत नाही.

अरुणा : आत्ता विश्वजितला दुसरंच सांगत होता.

अण्णाप्पा : त्याला घाबरवायचं होतं.

अरुणा : आणि मला घाबरवायचं नाही. तुम्ही त्या खालच्या खोलीत होता तेवढी सगळी वर्षं मी निवांत झोपत होते हो.

अण्णाप्पा : म्हणून तर वीत केली.

अरुणा : ते चाक कुठल्या बाजूला फिरतं?

अण्णाप्पा : डावीकडं.

अरुणा : हातानं करून दाखवा.

अण्णाप्पा : असं.

अरुणा : हळू. मला बघू दे.