खटला मुंबईला की तालुक्याला

आमचं गाव दाभोळच्या खाडीवर, होडीतून उतरलं की पहिलं दिसतं ते आमचंच घर, जांभ्या दगडाचं, मागं नारळाची थोडी झाडं, बस, एवढीच आमची जहागीर. बाप आगबोटीवर खलाशी, मी लहान असताना बोटीवरच वारला. मग आईचा धाकटा भाऊ, माझा मामू, आमच्याकडे राहायला आला. मला पोहायला शिकवलंन त्यानं, शाळेत घातलंन त्यानं. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला निव्वळ चोर म्हणाल, आणि तो तसा नव्हता, काय सांगू तुम्हाला.

मी कुवेतला आलो तेव्हा इथं आपला रुपयाच चालायचा, म्हणजे बघा किती वर्षं झाली. आता इथं शुवैख बंदरात जहाजं धक्क्याला लागतात, तेव्हा माल होड्यांतून उतरायचा. मजुरांच्या मेसमध्ये मी भांडी घासायला लागलो, पुढं खानसामा झालो. दोनशे माणसांचा भात एका वेळी उतरवायचो, कधी करपला नाही. असो, ते जाऊ द्या.

आमच्यात एक रीत होती. दर्यापार जाणारा माणूस निघण्याआधी कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही करून घरच्या वडीलधाऱ्याकडे ठेवायचा. का, तर माणूस परत येतो न येतो, घराची कामं अडायला नकोत. बाप गेल्यावर घर नावावर करताना आईचे फार हाल झाले होते, म्हणून मीसुद्धा केली. घर माझ्या नावावर, सही माझी, कागद मामूच्या हातात. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला हसू येईल, पण आमच्या वाडीतल्या एकूण एक पोरानं तसंच केलेलं.

पाच-सहा वर्षांनी आईचं पत्र आलं, मदरशातल्या मास्तरांनी लिहिलेलं. मुंबईहून एक माणूस येऊन घर मोजून गेला, म्हणाला हे आमच्या शेठकडे गहाण आहे, खाली करा. मामूला मासे धरायची लाँच घ्यायची होती. त्यानं माझ्या सहीच्या वर पाहिजे ते लिहून घेतलंन, आईच्या पेटीतले घराचे कागद नेलेन, मुंबईत सावकाराकडे ठेवलेन आणि पैसे उचललेन. लाँचचा भागीदार पैसे घेऊन पळाला. म्हणजे मामूलाही कुणीतरी बनवलं, पण घर माझ्या आईचं गेलं ना.

रजा काढून गेलो. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात फौजदार म्हणाले, गहाणवट मुंबईत झाली, तिकडे जा. मुंबईला गेलो, तर तिथले म्हणाले, घर कोकणात, मामा कोकणात, इथं कशाला आलास. एक हवालदार तर म्हणाला, तू राहतोस कुवेतला, तिथंच तक्रार कर. मी म्हटलं, तिथल्या शेखला माझ्या मामूचं काय पडलंय हो? तीन आठवडे असाच फिरलो, रजा संपत आली.

शेवटी एक म्हातारे वकील भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलंन. म्हणाले, घर कुठं उभं आहे त्यावर फौजदारी ठरत नाही. लबाडी कुठं झाली, पैसे कुठं घेतले, विश्वासानं कागद कुठं सोपवला, ते बघायचं. कागद दिलास गावात, लबाडी झाली मुंबईत, म्हणजे खटला दोन्हीकडे चालेल. कुठं चालवायचा, तू ठरव. साक्षीला मात्र तुझी आई लागेल, पेटी तिची.

मी ठरवलं मुंबई. तालुक्याच्या कोर्टात आख्खी वाडी बघायला येणार, सख्ख्या भावाविरुद्ध आईनं कसं बोलायचं? आईला तसं सांगितलं. ती मासे साफ करत होती, मान वर न करता म्हणाली, तालुक्यालाच कर. मी म्हटलं, अगं, लोक बघतील. म्हणाली, बघू देत, मी खरं तेच बोलणार आहे. पण मुंबईत त्याला कोंडलान तर भाकर कोण नेऊन देईल?

तालुक्याला केला. आईनं भर कोर्टात सांगितलंन, कागद माझ्या पेटीतले, नेले माझ्या भावानं. मामूनं मान खाली घातलीन. आणि तारीख संपल्यावर हीच बाई कोठडीच्या दाराशी डबा घेऊन उभी. मला राग आला, खूप आला. दीड वर्षाची शिक्षा झाली. घराचा दावा वेगळा चालला, घर सुटलं. तोवर मी परत इथं भात शिजवत होतो.

सुटल्यावर मामू सरळ घरी आला. मुंबईत सुटला असता तर तोंड लपवून तिकडेच राहिला असता. आईनं त्याला पडवी दिलीन. गेल्या वर्षी आई गेली. तार मिळाली तेव्हा माती देऊन दोन दिवस झाले होते. खांदा मामूनं दिलान, कबरीत उतरला तोही मामूच.

आता मी इथं कुवेतलाच, फरवानियात राहतो, तो गावात, माझ्या घरात. अल्ला त्याला माफ करो. मी अजून केलेलं नाही, खोटं कशाला बोलू तुमच्याशी, पण त्याला घराबाहेर काढायला जीभ रेटत नाही.