तीनशे बारा दारांना दिलेला शब्द

आधी मला एक सांगा, मी निवृत्त होते आहे हे ठरवलं कुणी? मला निमंत्रणपत्रिकेवरून कळलं. तीही तुमच्यापैकी कुणी आणून दिली नाही. शेजारचा इस्त्रीवाला घेऊन आला. ‘आजी, तुम्ही निवृत्त होताय म्हणे, अभिनंदन!’ वर माझं वय छापलंय एक्याऐंशी. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मधली सात वर्षं तुमच्या छापखान्याने खाल्ली, ती मला अजून जगायची आहेत.

असो. रीत मोडायची नाही. आजच्या समारंभाचे माननीय अध्यक्षमहोदय, मुख्यालयातून एवढ्या लांब आलेले प्रमुख पाहुणे, आकडे सांगणारे सल्लागार साहेब, अध्यक्षांच्या सूनबाई, ज्या माझ्या जागी येणार आहेत, व्यासपीठावरचे बाकीचे मान्यवर आणि समोर बसलेल्या माझ्या बायाबापड्यांनो, तुम्हा सर्वांना नमस्कार. हा माईक कुणीतरी खाली घ्या हो. चाळीस वर्षं पक्षात आहे, माझी उंची अजून कुणाच्या लक्षात नाही.

सचिवांनी मला भाषण टाइप करून दिलंय. मोठ्या अक्षरांत, कारण मी चौथी शिकलेली. त्यात लिहिलंय की मी ‘कृतार्थ आणि समाधानी’ आहे. अक्षर सुरेख आहे. तो कागद मी बाजूला ठेवते. कारण मघाशी पाहुण्यांनीच विचारलं, सरकार लोकांना नकोसं झालंय, पुढची निवडणूक जिंकायला काय लागेल ते आजींसारख्या जुन्या कार्यकर्त्यांनी सांगावं. एवढ्या मोठ्या माणसाने चारचौघांत विचारल्यावर उत्तर द्यायला नको?

सल्लागार साहेब म्हणाले, घाबरायचं कारण नाही, फोनवर पाहणी केली, शंभरातले एकसष्ट लोक समाधानी निघाले. साहेब, त्या एकसष्टांत आमचा इस्त्रीवाला आहे. मी त्याला विचारलं, ‘काय रे, कालपर्यंत सरकारला शिव्या घालत होतास, तू समाधानी कधी झालास?’ तर म्हणतो, ‘आजी, ती फोनवरची बाई म्हणाली, समाधानी असाल तर एक दाबा. एक दाबलं की फोन संपतो. दोन दाबलं की आणखी सात प्रश्न विचारते. माझ्या हातात गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट होता, जळला असता.’ हसताय काय? त्या एकसष्टांत असे किती शर्ट वाचले, ते आधी मोजा.

मी फोन करत नाही. मी दार वाजवते. माझ्याकडे दोन गल्ल्या, दारं तीनशे बारा. मतदारयादीवर पेन्सिलीने खूण करते. दार पूर्ण उघडून ‘या, बसा’ म्हणाले, तर भरलेला गोल. साखळी न काढता फटीतून बोलले, तर अर्धा गोल. आतून ‘कोण?’ विचारलं आणि मग टीव्हीचा आवाज वाढवला, तर फुली. ही यादी कार्यालयात गेली की तिथली शहाणी मंडळी अर्धे गोल आपल्या मतांत धरतात. म्हणे, दार तर उघडलं ना? अहो, फटीतून माणूस साबण विकणाऱ्याशीही बोलतो.

गेल्या निवडणुकीला भरलेले गोल दोनशे चाळीस होते. गेल्या महिन्यात सव्वीस झाले. त्यातलं एक दार माझं स्वतःचं आहे आणि तेही धरू नका.

पाहुणे म्हणाले, आपलं म्हणणं लोकांपर्यंत पोचलं नाही. पोचलं की! मीच पोचवलं. कसं, ते ऐका.

गेल्या निवडणुकीच्या दोन महिने आधी हेच आपले अध्यक्ष माझ्या घरी आले. स्वयंपाकघरात, स्टुलावर बसले. मला मावशी म्हणतात. यांच्या पहिल्या निवडणुकीत भिंतीवर खळ फासून मी यांचे कागद चिकटवलेत, म्हणून मावशी. चहा घेतला आणि म्हणाले, ‘मावशी, गल्लीतला दवाखाना बंद करायला लागतोय. छत गळतंय. सहा महिने फक्त, दुरुस्ती झाली की सुरू. पण लोक बिथरलेत. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. माझा शब्द आहे.’

मी विचारलं, ‘नक्की ना रे? मला त्याच गल्लीत राहायचंय.’

‘मावशी, तुमच्याशी खोटं बोलेन मी?’

अकरा दिवसांत मी तीनशे बारा दारं केली. गुडघे भरून आले. प्रत्येक दारात एकच सांगितलं, सहा महिने, मी सांगते ना. कुणी पक्षावर विश्वास ठेवला नाही, हे लक्षात घ्या. माझ्यावर ठेवला. तुम्ही निवडून आलात, मिरवणूक काढलीत, आणि दवाखान्याला जे कुलूप लागलं ते आजही आहे. आता त्याला किल्लीसुद्धा लागायची नाही, इतकं गंजलंय.

त्या दवाखान्यात माझी लेक परिचारिका होती. आमच्या समोरच्या शिंप्याला साखरेचा आजार, पायाला जखम. ती एक दिवसाआड त्याचं ड्रेसिंग करायची. दवाखाना बंद झाला, मोठं इस्पितळ दोन बस बदलून. बस चुकायची, ड्रेसिंग चुकायचं. शिंप्याचा पाय घोट्यापासून कापावा लागला. पायाने मशीन चालवणारा माणूस तो. गेल्या महिन्यात मी त्याचं दार वाजवलं. दार पूर्ण उघडलं त्याने, खुर्ची पुढे केली, आणि अगदी शांतपणे विचारलं, ‘आजी, सहा महिने झाले का हो?’

मी चाळीस वर्षांत शिव्या खाल्ल्यात, एकदा अंगावर बादलीभर पाणी झेललंय. असं कुणी बोललं नव्हतं. त्या दारापुढे कुठली खूण करायची, मला सुचलं नाही.

कोण रे तो चिठ्ठी पाठवतोय? ‘दोन मिनिटांत आवरा.’ आवरते. तीन वर्षं मी दुरुस्तीची वाट पाहिली, तुम्ही मला दोन मिनिटं देताय.

माझ्या लेकीची बदली झाली. ती पहाटे जाते, अंधार पडल्यावर येते. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. ‘भात झाकलाय.’ ‘गोळी घेतलीस का?’ बस्स. मला वाटायचं, प्रवासाने थकते. निमंत्रणपत्रिका आली त्या दिवशी तिने कपाटातून आपला बदलीचा कागद काढला आणि माझ्या पुढ्यात टाकला. ‘आई, सन्मानपत्र देणारेत ना तुला? शेजारी हेही फ्रेम करून लाव.’

मी हळू वाचते. पण तारखा वाचता येतात. वरच्या ओळीत लिहिलंय, दवाखाना कायमचा बंद करण्याचा निर्णय, समितीची बैठक, तारीख चार. आणि अध्यक्ष माझ्या घरी आले होते त्याच महिन्याच्या एकोणीसला. माझी तारीख चुकणार नाही, कारण त्या दिवशी माझ्या नातीचा वाढदिवस होता. यांनी तिला पेन दिलं आणि केकचा तुकडा खाल्ला. म्हणजे पंधरा दिवस आधी सगळं ठरलं होतं. बैठकीच्या अध्यक्षस्थानी कोण होतं, तेही कागदावर आहे. नाव मी वाचत नाही, ते इथेच बसलंय आणि पाणी पितंय.

मी लेकीला म्हटलं, ‘मला हे माहीत नव्हतं गं.’

तर म्हणाली, ‘चाळीस वर्षं पक्षात, अध्यक्ष तुझ्या स्वयंपाकघरात चहा पितात, आणि तुला माहीत नव्हतं? कुणाला सांगतेस आई?’

तीन वर्षं माझी पोटची पोर समजतेय की मी सगळं ठाऊक असून शिंप्याच्या दारात खोटं बोलले. विरोधकांनी फसवलं असतं तर मी दोन शिव्या घालून झोपले असते. तुम्ही माझा केसाने गळा कापलात, तोही माझ्याच घरात बसून.

आता पाहुण्यांच्या प्रश्नाचं उत्तर. नवं घोषवाक्य नको. झेंड्याचा रंग नको बदलायला, धुऊन विटलाय तो पुरे. सूनबाई चांगल्या आहेत, हसतमुख आहेत, पण त्यांना माझ्या गल्लीत पाठवू नका. लोक त्यांच्यावर राग काढतील आणि त्यांचा काही दोष नाही. तुम्हाला एकच माणूस लागेल, ज्याने दारात उभं राहून म्हणावं, ‘ठरलेलं मला माहीत होतं, आणि मी खोटं बोललो.’ ‘राहून गेलं’ नाही, ‘गैरसमज झाला’ नाही. आणि दवाखान्याचं कुलूप तोडून मग म्हणावं, म्हणजे ऐकणारा निदान दार लावणार नाही. एवढं करून जिंकाल का? मला माहीत नाही. मी जिंकायचं औषध विकत नाही. पण याखेरीज सव्वीसचे सत्तावीस होणार नाहीत, हे मी लिहून देते.

सत्काराबद्दल आभार. घड्याळ दिलंत, ते चालतंय, आभार. खुर्च्या मांडणाऱ्यांचे आभार, ते नेहमी राहतात. बोलण्यात माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल तर माझं म्हातारीचं म्हणून पोटात घाला. तुमचं मात्र मी पोटात घालणार नाही, तीन वर्षं घातलं तेवढं बास.

अध्यक्षमहोदय, उठू नका, संपतच आलंय. रविवारी माझी लेक घरी असते. सकाळी दहाला तुम्ही यायचं. गाडी कोपऱ्यावर सोडायची, चालत यायचं. आधी शिंप्याचं दार, मग माझं. सचिवांनी यायचं नाही, सूनबाईंनी नाही, पाहुण्यांनी नाही. मी शेजारी उभी राहीन, पण तोंड उघडणार नाही. शिंपी विचारेल, लेक विचारेल. उत्तर तू द्यायचंस.